शेवटचा छर्रा वरपक्षाचा

धामापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सावित्रीअक्कास,

धाकट्या भावाचा नमस्कार. भावोजींनाही सांग.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. आमच्या घरात फोनवर बोललेलं परसातल्या विहिरीपर्यंत ऐकू जातं, आणि हा विषय अक्षयाच्या कानावर इतक्यात जायला नको. शिवाय उभा जन्म मी तहसील कचेरीत काढला. कागदावर आल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं मला अजून वाटत नाही.

तू सुचवलेल्या देवगडच्या स्थळाचा होकार आला. मिहीर आणि अक्षया कुडाळला तिच्या बँकेजवळ दोनदा भेटले, आणि आता मुलाच्या वडिलांचा, हरिश्चंद्ररावांचा, निरोप आहे की मुलगी पसंत आहे, बोलणी करू. अक्का, तुझे उपकार कसे फेडू? पोरीला एकतिसावं लागलं. आलेली स्थळं तिच्या बंदुकीचं नाव ऐकून चहा अर्धा टाकून उठायची. हे स्थळ गेलं तर नीरजा मला घरात घेणार नाही, आणि तिचं चुकलं असं मीही म्हणणार नाही.

आता अडचण ऐक. अक्षया कोल्हापूरला कॉलेजात असताना हवाई बंदूक चालवायला शिकली, हे तुला ठाऊक आहे. तिथे बंद हॉलमध्ये दहा मीटरवर नेम धरायचा असे. इथे हॉल कुठला, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी सड्याच्या कातळावर पालथी पडून उघड्या वाऱ्यात पन्नास मीटरवरचा कागद फोडते. चार वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मग पेपरात तिचा फोटो आला आणि आठ दिवसांत गावात लांब पल्ला नेमबाजी मंडळ स्थापन झालं. मी अध्यक्ष आहे. मंडळात पदाधिकारी अकरा आणि नेम धरणारी एक.

तुमच्या देवगडात हरिश्चंद्ररावांनीही असंच मंडळ काढलं आहे. दोन्ही मंडळांची स्पर्धा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तुमच्याकडे ठरली, तेव्हा स्थळाचा विषयच नव्हता. प्रत्येकी पाच छर्रे, आणि त्यांच्याकडून नेम धरणार ते स्वतः. म्हणजे होणारी सून होणाऱ्या सासऱ्याच्या समोर बंदूक घेऊन उभी. तूच सांग, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

हरिश्चंद्ररावांचा नेम कसा आहे, ते गुपचूप बघून कळव.

तुझा,
गुरुदास

.

देवगड,
३० नोव्हेंबर २०२४

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

पाकिटावर तू लाल शाईने ‘गोपनीय’ लिहिलंस, म्हणून पोस्टमनने शेजारच्या हौसाबाईच्या अंगणात उभं राहून मला मोठ्याने हाक मारून ते दिलं. पुढच्या वेळी काही लिहू नकोस.

तुझ्या सांगण्यावरून मी मोहोर बघायच्या निमित्ताने सड्यावर जाऊन आले. वारा चांगला म्हणून जिथे पवनचक्क्या उभ्या केल्या, त्याच अंगाला यांनी नेमबाजीचं मैदान केलंय. कारण विचारलं तर म्हणाले, जागा मेव्हण्याची आहे.

सकाळी सातला सगळे जमले. तेव्हा वारा मुळीच नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं. तुझ्या अक्षयाने तेवढ्यात चार कागद फोडले असते. पण आधी गाऱ्हाणं झालं. “बा देवा म्हाराजा, ह्या वाऱ्याक जरा आवर, आणि आमच्या हरिश्चंद्राच्या बंदुकेक यश दी.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मग चहा झाला. मग गाऱ्हाणं घालणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि सत्कार करणाऱ्याचाही सत्कार. नारळ संपेपर्यंत समुद्रावरून वारा असा सुटला की शाली धरून ठेवायला माणसं लागली. तेव्हा कुठे हरिश्चंद्रराव बंदूक घेऊन पालथे पडले, आणि वाऱ्यावर रागावले. आपल्याकडे वाऱ्यात नेमबाजी का करावी लागते, ते मला त्या दिवशी कळलं.

आता नेमाचं सांगते. त्यांच्या बागेचा कारभारी धनेश कागदाशेजारी चिऱ्याच्या गडग्याच्या बुटक्या भिंतीआड बसतो. छर्रा सुटला की तो वाकून कागदाशी जातो आणि छर्रा लागल्याचं ओरडून सांगतो, “लागलो.” मी उशिराने तो कागद पाहिला. भोकं अगदी मधोमध होती, पण ती खिळ्याची होती. खिळा धनेशच्या खिशात असतो.

माणूस वाईट नाही रे. गड्यांच्या दुखण्याखुपण्याला पहिला धावतो. फक्त आजवर कुणी त्याला ‘चुकलास’ म्हटलेलं नाही. मिहीरही तिथे होता. मुलगा देखणा आहे, नम्र आहे. छर्रा कुठे गेला हे त्याला बरोबर दिसत होतं, कारण मान नेमकी त्याच बाजूला वळत होती. पण बापाने मागे पाहिलं की म्हणायचा, “लागलो, बाबा.”

तुझी,
अक्का

.

धामापूर,
१५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खिळ्याचं वाचून जिवात जीव आला. याचा अर्थ हरिश्चंद्ररावांचे पाचही छर्रे लागणार. मी लगेच मंडळाची सभा घेऊन नियम मंजूर करून घेतला की बरोबरी झाल्यास वयाने ज्येष्ठ स्पर्धक विजयी समजावा. देवगडच्या मंडळाने तो ताबडतोब मान्य केला आणि माझ्या दूरदृष्टीबद्दल कौतुक कळवलं.

तरी नीरजाचं समाधान होईना. तिचं म्हणणं, मुलीच्या बाजूने बरोबरीसुद्धा करू नये. वरपक्षाचा मान म्हणजे मान. तिच्या बापाने तिच्या सासऱ्यांकडून बुद्धिबळात सात डाव हरून लग्न जमवलं होतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

म्हणून काल मी अक्षयाबरोबर सड्यावर गेलो. मंडळ स्थापन झाल्यापासून सराव बघायला जायची माझी पहिलीच वेळ. तिने नीरजाच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून काठ्यांना बांधल्या आहेत, आणि कागदापर्यंत त्या काठ्यांची ओळ रोवली आहे. पालथी पडली की कितीतरी वेळ ती बंदुकीला हातच लावत नाही, नुसत्या चिंध्या बघते. मला वाटलं डोळा लागला. मी तिला म्हटलं, वारा पडायची वाट बघ ना. ती म्हणाली, “वाऱ्याक चुकवूचा नसता, बाबा. तो छर्रो खंय नेता तां बघूचा आणि तितक्या आधीच बाजूक धरूचा.” याला ती सूट देणं म्हणते. कधी चार बोटं, कधी वीतभर, कधी दोन चिंध्या दोन दिशांना उडत असल्या तर काहीच करत नाही आणि उठून पाणी पिते. मग एकदम छर्रा सुटतो आणि कागद फुटतो.

हे बघतानाच मला युक्ती सुचली. तिला खोटं वागायला सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. पण खोटं वागायची गरजच काय? मी म्हटलं, “शेवटच्या छर्ऱ्याक सूट देव नको. सरळ मधी नेम धर.” नेम प्रामाणिक राहील आणि चुकवायचं काम वारा करील. पाप लागलं तर ते वाऱ्याला.

स्थळाचं आणि मानाचं सगळं तिला समजावून सांगितलं. ती बंदूक पुसत राहिली. अक्षया वाद घालत नाही म्हणजे तिला पटलं, एवढं बाप म्हणून मी ओळखतो.

तुझा,
गुरुदास

.

देवगड,
२३ डिसेंबर २०२४

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

तू कचेरीत असताना ज्या अर्जाला उत्तर द्यायचं नसे, तो तू असाच मुकाट्याने धूळ पुसून ठेवायचास. पोर तुझीच आहे, एवढंच सांगून ठेवते.

इकडची बातमी अशी की बॅनर छापून आला. एसटी स्टँडच्या भिंतीएवढा आहे. वर गणपती, खाली गळ्यात हार घातलेले हरिश्चंद्रराव, आणि मोठ्या अक्षरांत ‘विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन’. तारीख स्पर्धेचीच. धनेशला विचारलं, हरले तर? तो म्हणाला, बॅनर छापून झाल्यावर आता कसे हरतील.

बायकांचा मांडव वेगळा आहे. मी तिकडे असेन. तुझ्याशी बोलायला मिळणार नाही, कारण तू मुलीचा बाप म्हणून व्यासपीठावर आणि मी मध्यस्थ म्हणून वाढायला.

तुझी,
अक्का

.

धामापूर,
१४ जानेवारी २०२५

ती. अक्कास संक्रांतीचा नमस्कार. तीळगूळ तुला प्रत्यक्षच देईन, द्यायचं तोंड राहिलं तर.

अनर्थ झाला. तू पलीकडे बायकांत होतीस, म्हणून इकडची बाजू लिहितो.

आठची स्पर्धा बाराला सुरू झाली, हे सोड. तोवर सोळा सत्कार झाले, त्यात माझे दोन. वारा जोरात होता. म्हणजे सगळं मनासारखं चाललं होतं. पहिला मान हरिश्चंद्ररावांचा. त्यांचे चार छर्रे धनेशच्या कृपेने लागले. पण आमचा सेक्रेटरी सुदेश सावली शोधत नेमका त्या गडग्याआड जाऊन बसला. पाचव्या वेळी धनेशला खिशात हात घालताच येईना. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि शेवटी अगदी हळू म्हणाला, “जरा वायच भायर गेलो.” हरिश्चंद्ररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, बागेचं काम गेलं त्याचं.

मग अक्षया. चार छर्रे चारही लागले. राहिला शेवटचा. चुकला तर बरोबरी, आणि नियमाने विजय वरपक्षाचा. मी डोळे मिटले आणि देवाला सांगितलं की आता पोरीला ऐकायची बुद्धी दे आणि वारा तेवढा जोरात ठेव. तुला खरं सांगतो अक्का, त्याच क्षणी वारा पडला. माझ्या तोंडाला झुळूक लागेना. चार तास शाली उडवणारा वारा, आणि नेमका तेव्हाच मेला. पोरीने बिचारीने सांगितल्याप्रमाणे सरळ नेम धरला असणार, आणि छर्रा सरळच गेला. सुदेश नाचत बाहेर आला. त्याच्यासारखा सेक्रेटरी शत्रूलाही मिळू नये.

हरिश्चंद्ररावांनी बक्षीस दिलं, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मागे त्यांचाच हार घातलेला फोटो. तरी माणूस मोठ्या मनाचा. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरगी बरी आसा. बोलणी करूया. फक्त चार माणसांत तिना येवढाच सांगूचा, वाऱ्यान लागलो म्हणान.” मी लगेच हो म्हटलं. खोटं कुठे आहे त्यात? वाऱ्यानेच घात केला.

दोन फेब्रुवारीला ते पाच माणसं घेऊन आमच्याकडे येतायत. अक्षयाला मी ते वाक्य सांगितलं आहे. ती ‘बघूया’ म्हणाली. नीरजा काजूच्या वड्या करायला लागलीसुद्धा.

तुझा,
गुरुदास

.

देवगड,
२० जानेवारी २०२५

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

वारा पडला नव्हता.

मांडवात माझी खुर्ची अक्षयाने इथेही रोवलेल्या चिंध्यांच्या काठ्यांसमोर होती. शेवटच्या वेळी चिंध्या आडव्या उडत होत्या. माझा पदर मी दातात धरला होता आणि हौसाबाईच्या हातातली द्रोणाची चळत उडून गेली. तुला झुळूक लागली नाही, कारण तुझ्या समुद्राकडच्या अंगाला तो बॅनर होता. व्याह्यांच्या फोटोआड बसून तू वारा पडल्याचं ठरवलंस.

तुझी मुलगी बराच वेळ थांबली. एकदा तिने बंदूक खाली ठेवली, तळवा परकराला पुसतात तसा पँटला पुसला आणि पुन्हा उचलली. माझ्या जागेवरून मला नळीचं तोंड दिसत होतं, ते कागदावर नव्हतं. समुद्राच्या बाजूला होतं. चांगलं दिसण्याइतकं बाजूला. आणि छर्रा मधोमध लागला. माझं वय झालंय, पण एवढं मला समजतं. मांडवातल्या बायका उभ्या राहिल्या होत्या, आणि मी मध्यस्थ असून उभी राहिले.

आता तुला वाटेल की मी स्थळ मोडायला सांगतेय. नाही सांगत. माणसं चांगली आहेत, आंब्याच्या बागा आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे, आणि पोरीचं वय तू म्हणतोस ते खरं आहे. एका वाक्याने संसार उभा राहणार असेल, तर बायकांनी आजवर काय काय वाक्यं म्हटली आहेत. मीही म्हटली आहेत. तुझ्या भावोजींना मोटारसायकल येते, हे वाक्य मी चाळीस वर्षं म्हणतेय.

फक्त ते वाक्य खरं आहे असं समजून तू तिच्या तोंडी घालू नकोस. घालायचं तर खोटं आहे हे जाणून घाल.

तुझी,
अक्का

.

धामापूर,
४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास नमस्कार.

स्थळ मोडलं. मी मोडलं. हौसाबाईकडून काही ऐकलं असशील, पण त्यात मी हरिश्चंद्ररावांच्या अंगावर बंदूक रोखली असंही असेल, ते धरू नकोस.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी अक्षयाला विचारलं. तिने सरळ सांगितलं, “सूट दिलंय, बाबा. धा बोटां डावीकडे.” मी म्हटलं, माझं ऐकायचं नव्हतं तर तेव्हाच सांगायचंस. ती म्हणाली, “आयकूचाच होता. पण चुकूक जमला नाय. बोटच आयकाना.” अक्का, मला राग यायला हवा होता. मी उठून विहिरीवर गेलो आणि उगाचच पाणी काढत बसलो.

तरीही मी त्यांना येऊ नका असं कळवलं नाही. तुझ्यापाशी कशाला लपवू, मी ठरवलं होतं की खोटं तर खोटं, एकदा म्हणून टाकू दे. लग्न झाल्यावर कोण विचारतंय.

परवा ते आले. पाच म्हणाले होते, अकरा आले. वड्यांचं कौतुक झालं. मोहोर यंदा कसा, महामार्ग कधी पुरा होणार, सगळं झालं. मग हरिश्चंद्ररावांनी घसा साफ केला आणि अक्षयाला हाक मारली. ती येऊन उभी राहिली. ते अगदी प्रेमाने म्हणाले, “सांग बाय, त्या दिवशी काय झाला तां.” अकराही माणसं चहा थांबवून तिच्याकडे बघायला लागली. एकाने तर मोबाइल काढून समोर धरला. पुढच्या बॅनरची सोय असेल.

अक्षयाने मिहीरकडे पाहिलं. मला वाटलं, लाजली. मिहीर कपात बघत होता. त्याच्या कपात काही नव्हतं, मला शेजारून दिसत होतं. ती पुन्हा त्याच्याकडे बघत राहिली. सड्यावर चिंध्या बघताना जशी निश्चल असते, तशी. आणि मग तिने तोंड उघडलं.

ती काय बोलणार होती ते मला अजून ठाऊक नाही. मी उभा राहिलो. का राहिलो, तेही सांगता येणार नाही. कचेरीत साहेबांसमोर मी कधी उभं राहून बोललो नाही. मी म्हटलं, “वाऱ्यान नाय लागलो. वारो होतो, तिना सूट दिल्यान आणि नेम धरल्यान. मी तिका चुकूक सांगलेलंय. तिना माझा आयकल्यान नाय, तां बरां झालां.”

हरिश्चंद्ररावांनी मिहीरकडे पाहिलं, आणि तो सवयीने म्हणाला, “हो, बाबा.” कशाला हो, ते त्यालाही कळलं नसावं. मग ते उठले. त्यांनी भांडण केलं नाही, हे मी सांगायला हवं. उंबऱ्यावर ते मला म्हणाले, धनेश तरी मला ‘चुकलात’ म्हणून आधी सांगू शकला असता. मला त्या माणसाची दया आली. अकराही जण गाड्यांत बसून गेले.

नीरजा माझ्याशी बोलत नाही. मंडळाने माझा राजीनामा मागितला आहे आणि तो देण्यासाठी सभा बोलवायला मलाच सांगितलं आहे.

हे सगळं मी तुला थोड्या ताठ मानेने लिहिणार होतो. मुलीसाठी उभा राहिलेला बाप वगैरे. काल दिवसभर मी तसाच घरात फिरत होतो. शेवटी वाटलं, पोरीने एखादा शब्द तरी बोलावा. ती मागच्या पडवीत बंदुकीला तेल देत होती. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, गेलं ते बरंच झालं, तो मुलगा तुझ्या लायकीचा नव्हता.

तिने बंदूक बाजूला ठेवली. म्हणाली, “माका तो आवडलेलो, बाबा.”

अक्का, अडीच महिने आपण मानाचा, वयाचा, नियमाचा विचार केला. त्यासाठी ठराव केले, पत्रं लिहिली. हे तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. कुडाळला ती त्याला दोनदा नाही, सहा-सात वेळा भेटली होती. बँक सुटली की तो स्टेशनपर्यंत तिच्याबरोबर चालत यायचा, आणि सड्यावर तिने वारा कसा वाचावा यावर तिच्याशी वादही घालायचा. बाप समोर नसला की तो बोलतो म्हणे, चांगलं बोलतो.

मी म्हटलं, मग मी चूक केली का? तिने नाही म्हणून मान हलवली. डोळे पुसले आणि म्हणाली, “तो कायतरी बोलतलो म्हणान मी वाट बघत होतंय. बोललात तुम्ही.”

मग तिने तेलाचा डबा बंद केला आणि मी तो फळीवर नेऊन ठेवला.

तुझा,
गुरुदास